धबधबा मुक्कामी येतो

आषाढ सरत आला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात दोन चौकशा सुरू होतात. एक, नाथसागर किती टक्के झाला. दोन, सप्तकुंड सुरू झालं का.

पहिलीचं उत्तर रोज सकाळी वर्तमानपत्रात आकड्यानिशी येतं. पाऊस पडतो नाशकाकडे, पाणी येतं गोदावरीतून, जायकवाडीची पातळी चढते आणि क्रांती चौकात कोरड्या ठणठणीत रस्त्यावर उभी असलेली माणसं घरात नातू झाल्याच्या थाटात एकमेकांना टक्केवारी सांगतात. दुसरीचं उत्तर कुठेच छापून येत नाही. कुणाचा साडू सोयगावला मास्तर असतो, कुणाचा भाचा फर्दापूरला हॉटेलात असतो, त्यांच्याकडून कळतं. "धार धरली बरं का." एवढंच वाक्य. पण ते ऐकलं की कॉलनीत हालचाल सुरू होते.

सप्तकुंड म्हणजे अजिंठ्याचा धबधबा. लेणी ज्या घोड्याच्या नालासारख्या दरीत कोरली आहेत, त्या दरीच्या माथ्यावरून वाघूर नदी टप्प्याटप्प्याने उड्या घेत खाली उतरते, आणि प्रत्येक उडीखाली एक कुंड. पाहुण्यांना लेणी माहीत असतात, धबधबा माहीत नसतो. त्यात त्यांचा काही दोष नाही. ते येतात तेव्हा तो नसतो.

हे सगळं सांगायचं कारण, आम्ही धबधबा बघायला जातो ही गोष्टच मुळात जरा विचित्र आहे. आमच्याकडे पाणी ही बघायची नव्हे, भरायची वस्तू. नळाला पाणी येण्याचा दिवस ठरलेला असतो; म्हणजे तो ठरतो आणि मग पुढे सरकतो. आला की घरातला प्रत्येक जण हंडा, बादली, ड्रम, गच्चीवरची टाकी अशा एकेका कामगिरीवर नेमला जातो. नवं घर बघायला जाणारा माणूस आमच्याकडे आधी दिशा विचारत नाही, बोअर विचारतो. वर्षभराचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडायचं मनात आलं तर. अशा माणसांना शंभर किलोमीटर लांब नेऊन कड्यावरून फुकट कोसळणारं पाणी दाखवायचं, हा खरं तर छळाचाच एक प्रकार म्हणायला हवा. पण आम्ही पैसे भरून जातो.

शहराचा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकी वसवली तेव्हा आधी पाण्याचा बंदोबस्त केला; त्याची नहर-ए-अंबरी जमिनीखालून डोंगराचं पाणी गावात आणत असे. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की झाली. काही किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंच भिंतीवर चढवून, तिथून खाली सोडलेलं. या शहराने स्वतःच्या हाताने बांधलेला तो एकच धबधबा, आणि त्यालाही आम्ही पीठ दळायला लावलं. नुसतं पडायचं, कुणाला काही न देता, ही चैन इथल्या पाण्याला कधी परवडलेली नाही.

आईने सप्तकुंड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, "हे सगळं जातं कुठं?"

मी सांगितलं, वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात जाते, तापीला मिळते, वाटेत तिच्यावर धरण आहे.

"म्हणजे जळगाववाल्यांना," आई म्हणाली. त्यानंतर तिचं धबधब्याबद्दलचं मत जरा उतरलं ते उतरलंच. अजिंठ्याचा डोंगर हाच पाणी वाटणारा बांध आहे. त्याच्या अलीकडे पडलेला थेंब गोदावरीचा, पलीकडे पडलेला तापीचा. आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात देखणा धबधबा नेमका तिकडच्या बाजूला तोंड करून उभा आहे हे तिला पटलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी मावसबहीण कॅरिबियन क्रूझवर गेली होती. ती न्यू जर्सीत असते. सान हुआनहून बोट निघाली, रात्री समुद्रात आणि दिवसा एकेका बेटावर, अशी ती सहल. एका सकाळी बोट डॉमिनिकाच्या रोझो बंदराला लागली आणि तिथून बसने या मंडळींना जंगलातल्या ट्रॅफल्गार धबधब्याला नेलं. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा शेजारचे अप्पा आमच्याकडे चहाला होते.

"दादा, आम्ही रेनफॉरेस्टमध्ये ट्रेक केला," ती म्हणाली.

"किती चाललात?"

"धबधब्यापर्यंत."

जरा खोदल्यावर निघालं की गाडीतळापासून धबधबा दिसतो त्या कठड्यापर्यंत पंधरा मिनिटांची पायवाट आहे. यापेक्षा जास्त पायऱ्या आम्ही वेरूळला तिकिटाच्या रांगेनंतर सहज चढतो, आणि त्याला ट्रेक म्हणत नाही. पण तिचा आनंद खरा होता. कॅमेऱ्यात तिने दाखवलं ते विलक्षणच होतं: पुरुष-दीड पुरुष उंचीचे नेचे, झाडांवर वाढलेली झाडं, त्यांच्यावर शेवाळ, आणि मधून एकाच कड्यावरून कोसळणारे दोन धबधबे. एकाला तिथे बाप म्हणतात, दुसरीला आई. डॉमिनिका हा अख्खा देश साडेसातशे चौरस किलोमीटरचा. आमचा एकटा जिल्हा दहा हजारांच्या पुढे. पण तिथल्या डोंगरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि बेटावर ३६५ नद्या आहेत असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. दर दिवसाला एक नदी! आमच्या वाट्याला शहरात एक खाम आली आहे आणि तिचीही आम्ही बरीच वर्षं ओळख दाखवत नव्हतो.

"आणि दादा, तो धबधबा बारा महिने, चोवीस तास चालू असतो."

आई पलीकडे शेंगा सोलत होती. तिने मान वर केली. "रात्री कशाला चालू ठेवतात?"

अप्पांनी तोवर कप खाली ठेवला होता. कॅरिबियन हा शब्द कानावर पडला की ते निराळ्याच देशात जातात. "१९७१," ते म्हणाले. "गावसकर. पहिलीच मालिका. चार कसोटी, ७७४ धावा. सरदेसाईच्या ६४२ धरतच नाही कुणी. तुम्ही पोर्ट ऑफ स्पेनला गेलात की नाही?"

"बोट तिकडे जात नाही, अप्पा."

"मग एवढ्या लांब जाऊन केलं काय?"

तिने जे केलं ते मला मात्र नीट कळलं. धबधब्यासमोर उभं राहून तिचा अर्धा जीव घड्याळात होता. बोट ठरल्या वेळेला सुटते. त्याआधी अर्धा तास सगळ्यांनी वर चढलेलं असावं लागतं, आणि न आलेल्यांसाठी ती थांबत नाही. दोनचार हजार माणसांना घेऊन आलेलं जहाज चौघांसाठी कशाला थांबेल! व्हिडिओत तिचा नवरा मधूनमधून मनगट वर करून दाखवत होता. मागे आई-बाप दोघंही निवांत कोसळत होते. त्यांना कुठं जायचं नव्हतं.

आमचे अप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. कॉलनीची सहल काढायचं काम त्यांच्याकडे आपोआप जातं, आणि त्यांच्याकडे गेलं की सहलीचं आपोआप वेळापत्रक होतं. यंदा धार धरल्याचा निरोप आला त्याच संध्याकाळी छापील कागद घरोघर आला. सकाळी ६ प्रस्थान. ७.४५ सिल्लोड, चहा. ९.४५ टी पॉइंट. १०.१५ ते १२.३० लेणी. १२.३० ते १.१५ धबधबा. खाली टीप: सोमवारी लेणी बंद असतात म्हणून रविवार; छत्री आणावी. 'धबधबा' या शब्दासमोर वेळ लिहिलेली पाहून मला बहिणीचं जहाज आठवलं. अप्पांच्या खिशात शिट्टीही होती. नोकरीतली.

छत्री की रेनकोट यावरून फुलंब्रीपर्यंत, आणि भिजायलाच चाललोय तर दोन्ही कशाला यावरून सिल्लोडपर्यंत, असा प्रवास झाला. रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. गोळेगावच्या पुढे दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी ओळीने उभी होती, बांधांवर तरोटा माजला होता, आणि सागाला फुलोरा आला होता. साग फुलतो तो नेमका पावसाळ्यात, पांढुरका आणि बारीक, आणि इतका वर की कुणी मान वर करून बघत नाही. बसमधल्या पोरांनी मोबाईलमधून मान वर केली ती अजिंठा घाटाचं पहिलं वळण आल्यावर, तीही कुणाला तरी उलटी झाली म्हणून.

टी पॉइंट हे आमचं बंदर. खासगी गाड्या इथे थांबतात. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. पण बसपर्यंत पोचायला दुकानांची गल्ली ओलांडावी लागते आणि तिथले विक्रेते हे जगातल्या कुठल्याही बंदरावरच्या विक्रेत्यांना धडे देतील असे आहेत. एक तरुण माझ्याबरोबर चालायला लागला. विकायचं काही नाही म्हणाला. गाव विचारलं, मुलं काय करतात विचारलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि शेवटी खिशातून एक मातकट गोळा काढून दोन हातांनी उघडला. आत जांभळे स्फटिक, टोकदार, ओले असल्यासारखे चमकणारे. "परत येताना या, दुकानाचा नंबर लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवला. आजही आहे. हा दगड म्हणजे या डोंगराच्या पोटातला बुडबुडा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थंड होताना त्यात वायूची पोकळी अडकली, आणि पुढे झिरपत्या पाण्याने सावकाश तिच्या भिंतींना स्फटिक लावले.

त्याच लाव्ह्याने धबधबाही घडवला. लाव्हा एकदम आला नाही. एक थर, मग मध्ये मोठी विश्रांती, मग दुसरा थर. काही थर कठीण, काही भुसभुशीत. नदी वरून आली तेव्हा तिने भुसभुशीत खाऊन टाकले आणि कठीण थरांच्या पायऱ्या राहिल्या. सह्याद्रीपासून सातमाळ्यापर्यंत आपले सगळे डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. सप्तकुंडाची सात कुंडं ही कुणा ऋषीची करणी नाही, हे मी बसमध्ये सांगायला गेलो तेव्हा काकूंनी, म्हणजे अप्पांच्या मिसेसनी, पर्समधून श्रीखंडाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. शिक्षकाला गप्प करायची त्यांची ही जुनी पद्धत आहे.

लेणी बघण्याचं वर्णन करत नाही. सव्वादोन तासांत दोन हजार वर्षं बघायची म्हणजे जे होतं ते झालं. पहिल्या लेण्यात पद्मपाणी, सव्विसाव्यात निजलेला बुद्ध, मधल्या लेण्यांत दम लागलेली मंडळी. डोलीवाल्यांनी आईला बसायचा आग्रह केला. चौघांनी आपल्याला उचलायचं म्हणजे काय दिसतं ते, असं म्हणून ती काठी टेकत चालत राहिली. वानरांनी एका वहिनींच्या पिशवीतून धपाट्यांचा डबा काढला. मी हे दोन हातांवरून पाहिलंय: एक तगडं वानर कठड्यावर बसलं, झाकण व्यवस्थित उघडलं, धपाटं हुंगलं, त्यावरचा ठेचा बोटाने बाजूला केला आणि उरलेलं खाल्लं. मराठवाड्यात राहूनही तिखट चालत नाही म्हणजे हे मूळचं इथलं नसावं, असं एकाचं मत पडलं.

पावसाची एक सर येऊन गेली होती. प्रत्येक लेण्याच्या कपाळावरून पाणी ठिबकत होतं, एकसारखं, ओळीने, आणि खाली उंबऱ्याच्या दगडावर जिथे थेंब पडत होता तिथे बोटाचं पेर मावेल एवढा खळगा झाला होता. एका ओळीत असे कितीतरी. मी एका खळग्यात बोट घालून पाहिलं. कडा गुळगुळीत होत्या. छिन्नीच्या खुणा सगळ्या खडबडीत, आणि हे मात्र घोटलेलं.

मग बारा वाजून तीस मिनिटांनी, कागदाप्रमाणे, धबधबा आला.

पोस्टरवरचे धबधबे दुधाळ असतात. हा गढूळ होता. वरच्या काळ्या रानाची माती घेऊन येणारं पाणी गढूळच असणार. पण त्याचं वजन दिसत होतं. वरच्या टप्प्यावरून ते जाडच्या जाड येत होतं, कुंडात पडताना कोंडल्यासारखं क्षणभर थांबत होतं, आणि काठावरून पुन्हा सुटत होतं. खालून सातही कुंडं दिसत नाहीत. तरी प्रत्येक जण मोजतो. कुणाला तीन दिसली, कुणाला चार. एका आजोबांना सात दिसली, कारण सात आहेत असं फलकावर होतं. तुषार आमच्यापर्यंत येत होते आणि चष्मेवाल्यांना त्यानंतर काहीच दिसलं नाही. पुढे जायला मनाई होती. तिथला पहारेकरी शिट्टी फुंकून लोकांना मागे रेटत होता. अप्पाही शिट्टी फुंकून आमच्या लोकांना एकत्र करत होते. दोन्ही शिट्ट्या एकाच सुरातल्या निघाल्या. परिणामी नांदेडची एक अख्खी सहल अप्पांच्या मागे येऊन उभी राहिली, आणि आमची निम्मी माणसं मनाईच्या दोरापाशी शिव्या खात होती.

तिथे उभा असताना मनात आलं की या दरीत येणाऱ्यांचं आणि या पाण्याचं कधी जुळलेलंच नाही. जॉन स्मिथचं बघा. मद्रासच्या फौजेतला हा घोडदळाचा अधिकारी वाघाच्या मागावर समोरच्या कड्यावर आला आणि त्याला झाडोऱ्यातून दहाव्या लेण्याची कमान दिसली. आत जाऊन त्याने भिंतीवरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली: २८ एप्रिल १८१९. (पर्यटकांनी नावं कोरायची प्रथा इथे किती जुनी आहे ते यावरून कळतं.) एप्रिल! म्हणजे ज्याने अजिंठा जगाला दाखवला, त्याला इथे धबधबा आहे याची गंधवार्ता नसणार. समोर नुसता काळा कोरडा कडा. २००४ साली डेक्कन ओडिसी सुरू झाली, ते तर रुळांवरचं जहाजच: रात्री प्रवास, सकाळी उतरून वेरूळ-अजिंठा, संध्याकाळी पुन्हा डब्यात. ती गाडी पावसाळ्यात धावत नाही. हंगाम ऑक्टोबरनंतरचा. साऱ्या जगाने इथे यायचा जो मोसम ठरवला आहे, त्या मोसमात वाघूर आपला पसारा आवरून गेलेली असते.

जुळलं ते फक्त भिक्खूंचं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, हा त्यांचा वर्षावास. नऊ महिने पायी फिरणारी माणसं ती. वाटा चिखलात बुडाल्या, पावलाखाली किडामुंगी आणि उगवतं पीक येऊ लागलं की थांबायची. आणि थांबायला त्यांनी जागा कोणती निवडली, तर जिथे धबधबाही तेवढेच महिने मुक्कामाला येतो ती. प्रत्येक लेण्यातून खाली नदीपर्यंत उतरायला तेव्हा स्वतंत्र पायऱ्या होत्या. सोळाव्या लेण्याच्या वाटेवर दोन हत्ती आणि वर नागराजा बसलेला आहे, तो नदीकडून चढून येणाऱ्यांसाठी. आपण आज कड्याच्या मधोमध बांधलेल्या वाटेने आडवे चालतो, म्हणजे घरात शिरायचं आणि परसातूनच परत यायचं. आणखी एकाचं जुळलं, रॉबर्ट गिलचं. १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला आला तो इथलाच झाला. त्याने केलेल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या, तरी तो गेला नाही. १८७९ मध्ये भुसावळला त्याची माती झाली. त्याची सहचरी पारो अजिंठा गावात निजली आहे, आणि त्या दोघांवर ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' लिहिलं. महानोरांचं पळसखेड याच डोंगराच्या पायथ्याशी. या सगळ्यांना धबधबा दिसला असेल तो पंचेचाळीस मिनिटं नाही.

डॉमिनिकात धबधबा घरचा आणि माणसं पाहुणी. बोट येते, बोट जाते, आई-बाप जागेवर. आमच्याकडे उलट आहे. आम्ही आहोत तिथेच असतो, उन्हाळाभर आभाळाकडे बघत. धबधबाच कुठून तरी येतो, दोन-तीन महिने राहतो, आणि त्याची सुटायची वेळ झाली की निघतो. तो आमच्यासाठी थांबत नाही, आणि त्याला शिट्टीही लागू पडत नाही. आमच्या लोकांना त्याचं अप्रूप वाटतं ते पाण्याचं म्हणून नाही, पाहुण्याचं म्हणून, असा माझा अंदाज आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, पाहुणा आपल्याकडे आणि आहेर जळगावला.

सव्वा वाजता शिट्टी झाली. मंडळी निघाली. मोजणीत एक कमी भरलं. अप्पांनी पुन्हा मोजलं, तरी एक कमी. निघालं असं की काकूच नव्हत्या. शेवटच्या लेण्यांकडच्या एका पायरीवर त्या बसल्या होत्या, चपला बाजूला काढून, पदर डोक्यावर घेऊन, भिजत.

"अहो, वेळ झाली," अप्पा म्हणाले.

"तुमची झाली असेल."

"गाडी सुटेल."

"सुटू द्या. चाळीस वर्षं तुम्ही माणसं सोडून गाड्या सोडल्यात. मी मागनं येते."

अप्पांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही वानरांकडे पाहिलं. मग त्यांनी शिट्टी खिशात टाकली, रुमालाने पायरी पुसली (ती पुन्हा लगेच ओली झाली) आणि बसले. जेवण दोनला झालं. वेळापत्रकातला हा बदल त्यांनी कागदावर पेनने केला, खाली सहीही केली.

परतीला गोळेगावच्या पुढे एका वहिनींचा फोन वाजला. त्या "काय?" असं ज्या सुरात ओरडल्या त्यावरून सगळ्या बसला वाटलं, कुणी तरी गेलं. "नळ आला!" त्या म्हणाल्या. "आज नव्हता ना दिवस?" "नव्हता. पण आला. फुल प्रेशर." त्यानंतर बसमध्ये जे झालं त्याला पळापळ म्हणता येत नाही, कारण पळायला जागा नव्हती. चाळीस माणसं एकाच वेळी फोनवर होती. कुणी भाडेकरूला मोटार लावायला सांगत होतं, कुणी कामवाल्या मावशींना किल्ली कुठल्या कुंडीखाली आहे ते सांगत होतं, आणि सगळ्यांनाच ते ऐकू येत होतं. एकाने थेट ड्रायव्हरला विचारलं की जरा दाबता येईल का. अप्पा शांत होते. "माणूस पाणी बघायला शंभर किलोमीटर गेला की पाणी त्याच्या घरी येतं," ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात म्हैसमाळ काढू."

बहिणीचा फोन दिवाळीत आला. डिसेंबरात पुण्याला लग्न आहे, दोन दिवस तुमच्याकडेही येऊ म्हणाली. आमच्या सहलीचे फोटो तिने पाहिले होते. "तो धबधबा मुलांना दाखवायचाय."

"डिसेंबरात नसतो तो."

"नसतो म्हणजे?"

"म्हणजे गेलेला असतो. जुलै-ऑगस्टात ये, तुमच्याकडे सुट्टीच असते."

"ऑगस्टात? एवढ्या पावसात फिरणार कसं दादा? मुलं आजारी पडतील." डॉमिनिकात नखशिखांत भिजलेला चौघांचा फोटो तिच्या डीपीवर अजून होता. "मग डिसेंबरात तिथे बघायला काय असतं?"

"दगड."

"नुसते?"

"नुसते. पण लोक आवर्जून येतात."

आईने हात पुढे करून फोन मागितला. मला वाटलं, लग्न कुणाचं ते विचारेल. "किती जण येताय ते आधी सांग," ती म्हणाली. "चौघं असाल तर जार सांगून ठेवावे लागतील."